काळोख आणि ऊन एकाच चित्रात : धर्मापुरीच्या केदारेश्वरातील एक अभ्यास

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर चालुक्यकालीन शिल्पांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी, आत कोरीव खांबांचा मंडप आणि त्यापलीकडे अंधारे गर्भगृह. प्रकल्पासाठी मी तेथे गेलो तेव्हा हातात कॅमेरा होता आणि मनात भरपूर आत्मविश्वास. मंडपाची पन्नासएक छायाचित्रे काढली, त्यांवरून टिपणे लिहिली आणि प्रकल्प सादर केला. त्यात एका खांबावरील लहान आकृतीविषयी मी लिहिले होते, 'उजवा हात भग्न.'

आमच्या सरांनी छायाचित्र पाहिले आणि एवढेच विचारले, "हात तुटलेला आहे, की तुला दिसत नाही?"

मला उत्तर देता आले नाही. छायाचित्रात त्या जागी निव्वळ काळा डाग होता. दुसऱ्यांदा धर्मापुरीला गेलो तो या एका प्रश्नासाठी. त्या निमित्ताने जी पद्धत शिकलो, तिची ओळख करून देण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

डोळा आणि कॅमेरा

मंडपात उभे राहिल्यावर आपल्याला दाराबाहेरचे ऊनही दिसते आणि खांबामागचे कोरीव कामही. याचे कारण असे की नजर फिरेल तसा डोळा स्वतःला जुळवून घेतो आणि मन त्या सर्वांचे एक चित्र तयार करते. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. शटर एकदा उघडून मिटले की त्या अवधीत आला तेवढाच प्रकाश त्याच्या पदरी पडतो.

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म बिंदू असतात. प्रत्येक बिंदू म्हणजे पावसात ठेवलेली एक घागर समजा. घागर भरून वाहू लागली की नंतर किती पाऊस पडला हे तिच्यावरून सांगता येत नाही. अशा जागा चित्रात कोऱ्या पांढऱ्या होतात. उलट तळाशी चारच थेंब पडले असतील, तर ते पावसाचे की घागरीला आधीपासून असलेल्या ओलाव्याचे, हे ठरत नाही. अशा जागी काळोख आणि त्यात रंगीत कणकण दिसते. मोजमाप भरवशाचे असते ते मधल्या पातळीवरच.

छायाचित्रणात प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला की एक 'स्टॉप' म्हणतात. मराठीत आपण पायरी म्हणू. दुसऱ्या भेटीत मी आधी नुसते मोजमाप केले. छिद्र एफ/८ व आयएसओ १०० ठेवले असता बाहेरच्या उन्हातील दगडाला १/५०० सेकंद पुरत होते. त्या खांबामागच्या कोपऱ्याला ४ सेकंद लागत होते. म्हणजे फरक दोन हजार पटींचा, सुमारे अकरा पायऱ्यांचा. एका चित्रात माझ्या साध्या कॅमेऱ्याकडून स्वच्छ अशा आठच पायऱ्या मिळतात. हाताचे कोडे असे गणिताचेच होते.

जुनी अडचण, जुनी युक्ती

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे काढताना काही वेळा आकाशासाठी एक व पाण्यासाठी दुसरी काच वापरली आणि दोन्हींवरून मिळून एक चित्र छापले. पुढे फिल्मच्या काळात, विशेषतः रंगीत पारदर्शिका काढताना, जाणते छायाचित्रकार एकाच दृश्याची कमी, योग्य व अधिक प्रकाशाची तीन चित्रे घेत आणि त्यांतले उत्तम निवडत. यालाच ब्रॅकेटिंग म्हणतात. ब्रॅकेट म्हणजे कंस. नेमकी मात्रा दोन कंसांच्या आत पकडायची, असा त्याचा भाव आपण घेऊ.

डिजिटल युगात फरक पडला तो असा की तिन्हींतले एक निवडण्याऐवजी तिन्हींतले चांगले तेवढे एकत्र करता येऊ लागले. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी यासाठी महत्त्वाची गणिती रीत मांडली. मलिक हे आयआयटी कानपूरचे विद्यार्थी, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. रीतीचा गाभा समजण्यास सोपा आहे : प्रत्येक चित्रातील बिंदूवर नोंदलेल्या प्रकाशाला शटरच्या अवधीने भागा, म्हणजे त्या जागेवरून येणारा खरा प्रकाश कळतो. भरून वाहिलेल्या आणि जवळजवळ रिकाम्या घागरींचे ऐकू नका, मधल्यांचे ऐका. या पद्धतीला एचडीआर म्हणतात, म्हणजे उजेड-अंधाराचा विस्तृत पल्ला असलेले चित्र.

प्रत्यक्ष कृती

बहुतेक कॅमेऱ्यांच्या यादीत 'एईबी' ही सोय असते. आपण अंतर ठरवून द्यायचे आणि कॅमेरा लागोपाठ तीन चित्रे घेतो. अंतर दोन पायऱ्यांचे असेल तर दुसरे चित्र पहिल्याच्या चौथाई प्रकाशाचे आणि तिसरे चौपट प्रकाशाचे येते. परंतु अनुभवाने सांगतो, बटण दाबण्यापूर्वीची तयारी अधिक महत्त्वाची.

पहिली गोष्ट, छिद्र बदलू द्यायचे नाही. ते बदलले तर किती खोलीपर्यंत चित्र रेखीव येते तेही बदलते आणि चित्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत. बदल फक्त शटरच्या अवधीत हवा. म्हणून 'अॅपर्चर प्रायॉरिटी' निवडावी आणि आयएसओ स्थिर ठेवावा. दुसरी, व्हाइट बॅलन्स व फोकस आपोआप ठरू देऊ नयेत. फोकस एकदा जुळवून बंद करावा. तिसरी, फ्लॅश नको. चौथी, कॅमेरा तिपाईवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. संरक्षित वास्तूत तिपाई लावण्यापूर्वी परवानगी विचारणे हे आपले कर्तव्य आहे.

माझा कॅमेरा एका वेळी तीनच चित्रे देतो आणि मला पल्ला अकरा पायऱ्यांचा होता. म्हणून दोन संच घेतले. पहिल्यात १/२५०, १/६० आणि १/१५ सेकंद. दुसऱ्यात १/१५, १/४ आणि १ सेकंद. १/१५ दोनदा आले, ते एक सोडून दिले. उरलेल्या पाच चित्रांत उन्हापासून कोपऱ्यापर्यंत सर्व काही कोठे ना कोठे मधल्या पातळीवर आले होते. तेवढ्यात एक आजी दर्शनाला आल्या आणि दुसऱ्या संचात त्यांच्या पदराची धूसर छाया उमटली. हलणारी वस्तू प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी येते, तिचे भूत होते. आजींचे दर्शन होईपर्यंत थांबलो आणि संच पुन्हा घेतला.

जोडणी आणि मोह

ही चित्रे जोडण्यासाठी लुमिनन्स एचडीआर, हगिन यांसारखे मोफत प्रोग्राम मिळतात. जोडून झालेला पल्ला पडद्यावर वा कागदावर मावत नाही. तो दाबून बसवावा लागतो. याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि खरा धोका येथेच आहे. माझे पहिले चित्र फार झगझगीत झाले : दगडाला तेल चोपडल्यासारखी चकाकी, खांबांच्या कडेने पांढरी प्रभा, आकाश निळीत बुडवलेले. मित्रांनी वाहवा केली. सर म्हणाले, "हे तुझे चित्र झाले. मंदिराचे कोठे आहे?"

मग मी सौम्य मार्ग धरला. २००७ मध्ये मेर्टेन्स, काउट्झ व व्हान रीथ यांनी मांडलेल्या 'एक्स्पोजर फ्यूजन' पद्धतीत प्रत्येक चित्रातील नीट उजळलेला, रेखीव भाग घेऊन तो थेट मिसळतात. दिसते ते पुष्कळसे डोळ्याने पाहिल्यासारखे. हगिनसोबत येणारे एनफ्यूज हेच काम करते.

नव्या चित्रात तो कोपरा उजळला. हात अखंड होता. कोपरात दुमडून देहामागे गेलेला, सावलीत बुडालेला. मी ज्याला भग्न म्हटले होते, ते शिल्प शाबूत होते. अपुरे होते माझे पाहणे. टिपणातली ती ओळ मी खोडली.

ही चूक लहान वाटेल. पण दगड झिजतो, आणि उद्याचा अभ्यासक प्रत्यक्ष शिल्पाऐवजी आपल्या नोंदीवर विसंबेल. न दिसलेल्याला 'नाही' म्हणणे ही त्या नोंदीशी प्रतारणा आहे. म्हणून एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे : मूळ सर्व चित्रे जपून ठेवावीत, प्रत्येकाचे छिद्र व अवधी वहीत लिहावेत आणि जोडलेल्या चित्राखाली ते जोडलेले असल्याचे स्पष्ट नमूद करावे.

आपल्या भागात गावोगावी जुनी मंदिरे, बारवा, वीरगळ आहेत. कॅमेरा आज पुष्कळांच्या हाती आहे, आणि अनेक मोबाइलही आता अशी जोडणी आपोआप करतात. तेव्हा पुढच्या सहलीत काळ्या डागापाशी क्षणभर थांबावे आणि शटर थोडे अधिक वेळ उघडे ठेवून पाहावे, एवढीच माझ्या मित्रांना विनंती.