मुलांचे छोटे ऑपरेशन आणि पाठीतली सुई

"ऑपरेशन करा डॉक्टर, पण पाठीत सुई नको. पोरगं जन्माचं अधू होईल!" नातवाला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आणणारी आजी हमखास असे म्हणते. तिची काळजी खरी असते, भीती मात्र गैरसमजातून आलेली असते.

तान्ह्या मुलांना वेदना फारशा कळत नाहीत, असे एके काळी डॉक्टरही मानत. १९८७ साली डॉ. आनंद व सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशनच्या वेळी प्रभावी वेदनाशामक मिळालेल्या बाळांची प्रकृती नंतर अधिक चांगली राहिली होती. तेव्हापासून हा समज मागे पडत गेला.

दोन प्रकारची भूल का?

जागे मूल टेबलावर स्थिर पडून राहत नाही. म्हणून बहुधा त्याला आधी झोपवतात आणि मग ऑपरेशनचा भाग बधिर करतात. त्यामुळे झोपेचे औषध कमी लागते व जाग आल्यावर मूल वेदनेने कळवळत नाही.

कोणती पद्धत केव्हा?

१) कॉडल : माकडहाडाच्या किंचित वर असलेल्या नैसर्गिक फटीतून औषध देतात. मज्जारज्जू याच्या बराच वर संपतो. कमरेखालच्या दोन्ही बाजू सुमारे ४ ते ६ तास बधिर राहतात. दोन्ही बाजूंच्या हर्नियाला ही पद्धत सोयीची. मात्र काही तास पाय जड वाटतात, लघवीला उशीर होऊ शकतो. त्या जागी जंतुसंसर्ग, रक्तस्रावाचा विकार किंवा मणक्यात जन्मजात दोष असल्यास ही पद्धत सहसा टाळतात.

२) जांघेतील नसांभोवती सुई : एका बाजूच्या हर्नियासाठी उपयुक्त. पाय सहसा जड होत नाहीत. हल्ली सोनोग्राफीत पाहून सुई अचूक देता येते.

३) शिश्नाच्या मुळाशी सुई : सुंतेसारख्या ऑपरेशनसाठी. येथे रक्तवाहिन्या आकसवणारे अॅड्रेनॅलिन औषधात मिसळत नाहीत.

यांपैकी एकच सर्वांत उत्तम असे नाही. ऑपरेशन, मुलाचे वय व प्रकृती पाहून भूलतज्ज्ञ निवड करतात. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून मुलाचे अचूक वजन करून घ्यावे. गंभीर दुष्परिणाम क्वचितच होतात. तरीही देखरेखीची व तातडीच्या उपचारांची सोय असेल तेथेच ऑपरेशन करावे.

पालकांनी काय करावे?

* जेवण व वरचे दूध साधारण ६ तास, अंगावरचे दूध ४ तास आणि पाणी २ तास आधी बंद करतात. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ पाळावी. भुकेने रडतो म्हणून कोणी गुपचूप बिस्कीट दिले असेल, तर ते लपवू नये. भुलीत उलटी होऊन अन्न फुफ्फुसात गेल्यास जिवावर बेतू शकते.

* सर्दी, ताप, दमा, औषधाची अॅलर्जी किंवा जखमेतून रक्त न थांबण्याची सवय असल्यास आधीच सांगावे.

* घरी गेल्यावर पाय पूर्ववत होईपर्यंत मुलाला एकटे चालू देऊ नये. बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी लावू नये.

* बधिरपणा उतरण्याआधीच डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक ठरल्या वेळी द्यावे. ऍस्पिरिन मनाने देऊ नये.

* लघवी बराच वेळ झाली नाही, किंवा दुसऱ्या दिवशीही पायात शक्ती नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना भेटून मनातल्या शंका अवश्य विचाराव्यात. त्या वेळी आजीलाही सोबत न्यावे.