घटक ७ : लहान शहरातील पायवाटा व सायकलमार्ग – नियोजन आणि निधी

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• लहान शहरात पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गांची गरज का निर्माण होते, हे सांगता येईल.
• डेव्हिस या शहराच्या अनुभवावरून मार्ग-नियोजनाचे टप्पे स्पष्ट करता येतील.
• जमीन, बांधकाम आणि देखभाल या तीन खर्चांतील फरक विशद करता येईल.
• महाराष्ट्रातील नगरपरिषदेला यासाठी उपलब्ध असलेले कायदेशीर अधिकार व निधीचे स्रोत यांची चर्चा करता येईल.

७.१ प्रास्ताविक

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमांतर्गत गरजू शाळकरी मुलींना सायकल दिली जाते. मुलींचे शिक्षण अंतरामुळे थांबू नये, हा त्यामागील हेतू आहे. परंतु सायकल मिळाली म्हणजे वाट मिळाली असे नव्हे. गावाकडून तालुक्याच्या शाळेत येणारी मुलगी शहराच्या हद्दीत शिरते, तेव्हा तिला ट्रक, एस. टी., रिक्षा आणि दुचाकी यांच्या गर्दीतूनच कडेकडेने सायकल चालवावी लागते. बाजारात पायी जाणाऱ्या वृद्धांची स्थितीही निराळी नाही. पदपथ असला तर तो मध्येच तुटतो. नसला तर गटाराची फरशी हाच पदपथ ठरतो.

हा प्रश्न मांडला की नगरपरिषदेकडून बहुधा एकच उत्तर मिळते : निधी नाही. हे उत्तर कितपत पूर्ण आहे, याची तपासणी आपण या घटकात करणार आहोत. त्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील डेव्हिस या लहान शहराचे उदाहरण घेतले आहे. अमेरिकेत शहरातील रस्त्यांवर सायकलींसाठी स्वतंत्र पट्टे आखण्याची सुरुवात करणारे शहर म्हणून डेव्हिस ओळखले जाते. त्याच्या यशाइतकीच त्याची पीछेहाटही अभ्यासण्याजोगी आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ डेव्हिस : मागणीपासून धोरणापर्यंत

डेव्हिस हे सॅक्रॅमेंटो या राजधानीच्या पश्चिमेस, सपाट शेतजमिनीच्या प्रदेशात वसलेले विद्यापीठाचे गाव. १९६० साली त्याची लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास होती. १९७० पर्यंत ती तेवीस हजारांच्या पुढे गेली. १९५९ मध्ये तेथील कृषी महाविद्यालयाच्या परिसराला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्वसाधारण शाखेचा दर्जा मिळाला आणि विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढू लागली. त्या वेळचे कुलपती एमिल म्रॅक यांनी विद्यापीठाचा परिसर सायकलींना अनुकूल असावा असा आग्रह धरला. परिसरात सायकली वाढल्या, तशाच गावातील रस्त्यांवर मोटारीही वाढल्या. दोहोंचा संघर्ष अटळ होता.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक चाइल्ड व त्यांच्या पत्नी ईव्ह हे नेदरलँड्समधील वास्तव्यानंतर डेव्हिसला परतले होते. तेथे पाहिलेली सायकलींची व्यवस्था आपल्या गावात का नसावी, असा प्रश्न त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीरपणे मांडला. नागरिकांनी सह्यांचे निवेदन दिले. नगर परिषदेने ते मनावर घेतले नाही. तेव्हा १९६६ च्या स्थानिक निवडणुकीत हाच मुद्दा ऐरणीवर आला आणि सायकलमार्गांना पाठिंबा देणारे उमेदवार निवडून आले. राज्याच्या वाहतूक कायद्यात अशा पट्ट्यांची तरतूद नव्हती. तीही करून घेतली गेली. १९६७ मध्ये पहिले पट्टे आखले गेले.

येथे दोन बाबी लक्षात घ्याव्यात. पहिली, मागणीची सुरुवात नागरिकांकडून झाली. परंतु ती निवडणूक, ठराव आणि कायदा या मार्गाने गेली म्हणूनच टिकली. दुसरी, सुरुवातीला वेगवेगळ्या रस्त्यांवर वेगवेगळ्या रचना करून पाहण्यात आल्या. काही ठिकाणी सायकलींचा पट्टा उभ्या मोटारी आणि पदपथ यांच्यामध्ये ठेवला होता. चौकात व गल्लीच्या तोंडाशी सायकलस्वार दिसत नाहीत असा अनुभव आल्यावर त्या रचना सोडून देण्यात आल्या. रंगाने आखलेला पट्टा बदलणे स्वस्त असते. म्हणून लहान शहराने प्रथम थोड्या खर्चात प्रयोग करावा आणि पक्के बांधकाम नंतर करावे, हा धडा यातून मिळतो.

७.२.२ जमीन आधी, बांधकाम नंतर

रस्त्यावरील पट्ट्यांखेरीज डेव्हिसमध्ये हिरव्या पट्ट्यांतून जाणाऱ्या स्वतंत्र पायवाटा व सायकलमार्ग आहेत. नव्या वसाहतीस परवानगी देताना विकासकाने मोकळ्या जागेचा पट्टा सोडावा आणि त्यातील मार्ग शेजारच्या वसाहतीच्या मार्गाला जोडावा, असे धोरण शहराने राबवले. १९७० च्या दशकात उभारलेली ‘व्हिलेज होम्स’ ही वसाहत या विचाराचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथे घरांची एक बाजू समाईक हिरवळीकडे व पायवाटेकडे उघडते. मोटारींचे रस्ते अरुंद असून पुढे बंद होतात.

या धोरणाचा आर्थिक अर्थ समजून घेणे महत्त्वाचे आहे. शेतजमिनीवर घरे होण्यापूर्वी नकाशावर एक पट्टा राखून ठेवणे जवळजवळ विनाखर्च असते. तोच पट्टा घरे झाल्यावर मिळवायचा म्हटले तर भूसंपादन, मोबदला, न्यायालयीन वाद आणि विस्थापन हे सारे खर्च उभे राहतात. म्हणजेच मार्गाचा खर्च किती येणार हे पुष्कळदा अंदाजपत्रकाच्या सभेत ठरत नाही. ते त्यापूर्वी अनेक वर्षे, वसाहतीचा नकाशा मंजूर होताना ठरून गेलेले असते.

७.२.३ बांधकामाचा निधी

बांधकामासाठी अमेरिकेतील लहान शहरे साधारणतः तीन थरांतून निधी उभारतात. पहिला थर स्थानिक महसुलाचा. दुसरा राज्याचा : कॅलिफोर्नियाच्या १९७१ च्या वाहतूक विकास कायद्यानुसार विक्रीकरातील पाव टक्का हिस्सा वाहतुकीसाठी स्थानिक पातळीवर परत येतो आणि त्यातील २ टक्क्यांपर्यंत रक्कम पायी व सायकल सुविधांसाठी राखता येते. तिसरा थर संघीय सरकारचा : १९९१ च्या भूपृष्ठ वाहतूक कायद्याने रस्ते-निधीतील एक ठरावीक भाग अशा कामांसाठी वेगळा काढला.

संघीय अनुदानाचे दोन नियम लक्षात ठेवावेत. सर्वसाधारणपणे ८० टक्के रक्कम अनुदानातून मिळते व २० टक्के स्थानिक संस्थेने घालावयाची असते. शिवाय हे अनुदान प्रतिपूर्तीच्या स्वरूपाचे असते; म्हणजे शहराने आधी खर्च करावा आणि नंतर देयके सादर करून रक्कम मिळवावी. तिजोरीत सुरुवातीचा पैसा नसलेल्या लहान शहराला मंजूर अनुदानही वापरता येत नाही, ते या कारणाने.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) डेव्हिसमध्ये सायकलींचे पहिले पट्टे कोणत्या वर्षी आखले गेले?
आ) प्रतिपूर्तीच्या अनुदानाची लहान शहराला कोणती अडचण होते?

७.२.४ महाराष्ट्रातील नगरपरिषद : अधिकार व निधी

डेव्हिसची नक्कल आपल्याकडे होणार नाही. हवामान, रस्त्यांची रुंदी, वस्तीची दाटी हे सारे वेगळे आहे. परंतु ‘जमीन आधी’ हे तत्त्व लागू करण्याची साधने आपल्या कायद्यातही आहेत.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यांत नगर नियोजन, रस्ते व पूल, तसेच उद्याने यांचा समावेश होतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नगरपरिषद विकास योजना तयार करते व तीत सार्वजनिक प्रयोजनांसाठी जमिनी आरक्षित करते. नाल्याचा काठ, जुना शिवरस्ता, तळ्याभोवतीची जागा यांना या योजनेत मार्ग म्हणून स्थान मिळाले तरच पुढे त्यांच्यावर खर्च करता येतो. मात्र आरक्षण कायमचे नसते. कलम १२७ नुसार योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक खरेदी-सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. नकाशावरची हिरवी रेघ अशी पुसली जाते. ती पुसली गेल्याचे नागरिकांना पुष्कळदा बांधकाम उभे राहिल्यावरच कळते.

दुसरे साधन रेखांकन-मंजुरीचे. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या विकासात १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी मोकळे सोडावे लागते. प्रत्येक रेखांकनात ही जागा कोपऱ्यात कोठेतरी सुटली, तर तिचे तुकडेच राहतात. शेजारच्या रेखांकनांतील मोकळ्या जागा एका ओळीत याव्यात असा आग्रह मंजुरीच्या वेळी धरला, तर त्याच तुकड्यांची सलग वाट होऊ शकते. यासाठी नव्या योजनेची गरज नाही. नकाशे शेजारी ठेवून पाहण्याची गरज आहे.

निधीच्या बाबतीत पुढील स्रोत विचारात घ्यावेत :

१) नगरपरिषद निधी : मालमत्ता कर, शुल्क इत्यादी स्वउत्पन्न. रस्ते बांधणे व ते सुस्थितीत राखणे हे नगरपरिषदेचे अनिवार्य कर्तव्य आहे. म्हणून रस्त्याच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात पदपथाचा समावेश करणे, हा सर्वांत सोपा मार्ग होय.
२) वित्त आयोगाचे अनुदान : पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी दशलक्षाहून कमी लोकसंख्येच्या शहरांना सुचवलेल्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेशी बांधलेला होता, उरलेला ४० टक्के अबंधित भागच इतर स्थानिक गरजांसाठी वापरता येण्याजोगा होता.
३) राज्य व जिल्हा पातळीवरील निधी : नगरोत्थान महाअभियान, जिल्हा नियोजन समितीमार्फत मिळणारा निधी.
४) लोकप्रतिनिधींचा स्थानिक विकास निधी : खासदारांसाठी ही रक्कम वर्षाला ५ कोटी रुपये असते, तीतून टिकाऊ सार्वजनिक मत्ता निर्माण करणारी कामे सुचवता येतात.

तांत्रिक बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी व २.२ मीटर उंची अडथळ्याविना मोकळी असावी. विजेचा खांब, रोहित्र, फलक, पायऱ्या यांनी ही रुंदी व्यापली, तर कागदावर झालेला खर्च पादचाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

७.२.५ देखभाल : विसरला जाणारा खर्च

एक कल्पित उदाहरण पाहू. समजा, एका मार्गाचे काम १ कोटी रुपयांचे आहे. अनुदान ८० लाख मिळाले आणि नगरपरिषदेने २० लाखांचा स्वहिस्सा घातला. झाडलोट, दिवे, दुरुस्ती यांसाठी दरवर्षी ३ लाख लागतात असे धरले, तर दहा वर्षांत देखभालीचा खर्च ३० लाख होतो. म्हणजे नगरपरिषदेवरील खरा भार २० लाखांचा नसून ५० लाखांचा आहे. ‘ऐंशी टक्के अनुदान’ हे शब्द सभागृहात मोठ्याने उच्चारले जातात. देखभालीच्या ३० लाखांचा उल्लेख प्रस्तावात नसतो. परिणामी दोन-तीन पावसाळ्यांत फरश्या उखडतात, दिवे बंद पडतात, संध्याकाळनंतर स्त्रिया त्या वाटेने जाणे सोडतात, आणि ‘लोक वापरतच नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो.

डेव्हिसचा पुढील इतिहासही सावध करणारा आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने त्या शहराला सर्वोच्च ‘प्लॅटिनम’ दर्जा दिला. परंतु त्यापूर्वीच, १९८० नंतरच्या दोन दशकांत, कामाला सायकलने जाणाऱ्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. बाहेरगावी नोकरीस जाणारे वाढले, विद्यार्थ्यांना बस मोफत झाली आणि सायकल हा नगर परिषदेच्या आस्थेचा विषय पूर्वीइतका राहिला नाही. मार्ग होते तेथेच होते. मार्ग बांधणे हे धोरणाचे एक अंग आहे. त्यांच्याकडे लक्ष पुरवत राहणे हे दुसरे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) कलम १२७ नुसार खरेदी-सूचना किती वर्षांनंतर देता येते?
आ) वरील कल्पित उदाहरणात देखभाल वर्षाला ४ लाख धरल्यास दहा वर्षांतील नगरपरिषदेचा एकूण भार किती होईल?

७.३ सारांश

पायवाटा व सायकलमार्ग यांचा खर्च तीन टप्प्यांत विभागलेला असतो : जमीन, बांधकाम, देखभाल. चर्चा बहुधा मधल्या टप्प्याचीच होते, कारण अनुदान त्यासाठी मिळते. प्रत्यक्षात प्रकल्पाचे भवितव्य पहिल्या व तिसऱ्या टप्प्यांवर ठरते. जमीन विकास योजनेतून व रेखांकन-मंजुरीतून वेळेवर राखली, आणि देखभालीची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात केली, तर मर्यादित उत्पन्नाच्या शहरालाही मार्गांचे जाळे हळूहळू विणता येते. ‘निधी नाही’ हे उत्तर म्हणून अपुरे आहे. ‘निर्णय वेळेवर झाला नाही’ हे पुष्कळदा त्यामागचे खरे उत्तर असते.

७.४ पारिभाषिक शब्द

आरक्षण : विकास योजनेत सार्वजनिक प्रयोजनासाठी राखून ठेवलेली जमीन.
व्यपगत होणे : मुदत संपल्याने कायदेशीर परिणाम नाहीसा होणे.
स्वहिस्सा : अनुदानित कामात स्थानिक संस्थेने स्वतः घालावयाची रक्कम.
प्रतिपूर्ती : आधी केलेल्या खर्चाची नंतर होणारी भरपाई.
अबंधित अनुदान : विशिष्ट कामाची अट नसलेले अनुदान.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. अ) १९६७. आ) खर्च आधी स्वतः करावा लागत असल्याने सुरुवातीचा निधी नसेल तर मंजूर अनुदानही वापरता येत नाही.
२. अ) १० वर्षांनंतर. आ) २० लाख + ४० लाख = ६० लाख रुपये.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘मार्गाचा खर्च नकाशा मंजूर होताना ठरतो’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२) डेव्हिसच्या अनुभवातील कोणत्या बाबी आपल्या शहरास लागू पडतात व कोणत्या पडत नाहीत, ते सकारण लिहा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या घरापासून जवळच्या शाळेपर्यंत पायी जा. पदपथ कोठे तुटतो, कोठे १.८ मीटरपेक्षा अरुंद होतो, याची नोंद करा. त्यानंतर नगरपरिषद कार्यालयात विकास योजनेचा नकाशा पाहून त्याच पट्ट्यातील आरक्षणे टिपून घ्या आणि दोन्ही नोंदींची तुलना करून दोन पानी टिपण तयार करा.