बायकांचा मुतखडा : पाळीची कळ समजून अंगावर काढू नका

मुतखडा म्हणजे पुरुषांचा आजार, असा समज आपल्याकडे अजून आहे. पुरुषांत प्रमाण जास्त असले तरी तो स्त्रियांनाही होतो, आणि अनेकदा उशिरा कळतो. कंबर दुखली तर काम जास्त झाले, ओटीपोट दुखले तर पाळी आली असेल, लघवीला जळजळ झाली तर उन्हाळी लागली, असे म्हणून आपल्या माताभगिनी दुखणे अंगावर काढतात. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

खडा का होतो?

मूत्रपिंड रक्तातील नको असलेले क्षार लघवीवाटे बाहेर टाकते. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, क्षारांचे कण जमतात आणि त्यांचा खडा बनतो. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात. लघवीच्या मार्गात वारंवार जंतुसंसर्ग झाल्यास वेगळा खडा होतो. तो स्त्रियांत जास्त आढळतो व झपाट्याने वाढतो.

मोरा-उरणच्या पट्ट्यात एक कारण रोज दिसते. मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणारी ताई, बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी मावशी, मिठागरात उन्हात राबणारी बाई, यांतल्या कितीतरी जणी मुद्दाम पाणी कमी पितात. कारण, लघवीला जायचे कुठे? घाम मात्र गळतच असतो. हा दोष त्या बाईचा नाही. बाजारात, धक्क्यावर, कामाच्या जागी स्वच्छ संडास मागणे ही आरोग्याचीच मागणी आहे.

ओळखायचा कसा?

मूत्रपिंडात असलेला खडा कधी कधी काहीच त्रास देत नाही. तो मूत्रनलिकेत अडकला की बरगडीखाली, पाठीच्या एका बाजूला जोराची कळ येते आणि जांघेकडे उतरते. कळ लाटेसारखी येते-जाते; कुठल्याही कुशीवर चैन पडत नाही. मळमळ, उलटी, वारंवार लघवी लागणे, लघवी लालसर होणे ही इतर लक्षणे.

पाळीचे दुखणे बहुधा ओटीपोटाच्या मध्यभागी असते. पण नुसत्या दुखण्यावरून निदान करू नये. अंडाशयाची गाठ पिळली गेली किंवा गर्भ नळीत राहिला तरीही एका बाजूला असेच दुखते, आणि त्यात जिवाला धोका असतो. पाळी चुकली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. गर्भवतीची तपासणी सोनोग्राफीने सुरक्षितपणे होते.

थांबू नका

थंडी वाजून ताप, लघवी बंद होणे, सतत उलट्या, किंवा गरोदरपणात अशी कळ, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर विष रक्तात भिनू शकते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे.

उपचार आणि आहार

५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. मोठ्यांसाठी ध्वनिलहरी, दुर्बीण किंवा शस्त्रक्रिया लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अशा उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. कुळथाचे कढण घ्यायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून महिने घालवू नयेत. मनाने वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्यास मूत्रपिंडच बिघडते.

• लघवी फिकट राहील इतके पाणी प्यावे. साधारण अडीच ते तीन लिटर, उन्हात काम असल्यास अधिक. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारावे.
• दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत. सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी, पापड, लोणचे यांतले मीठही यात धरावे.
• दूध, दही बंद करू नये. जेवणातले कॅल्शियम खडा करणारे ऑक्झलेट आतड्यातच अडवते. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, जेवणासोबत घ्याव्यात.
• लिंबूपाणी चांगले; त्यात मीठ-साखर नको.
• पडलेला खडा फेकू नये, तपासणीला द्यावा. प्रकार कळला की पुन्हा होणे टाळता येते.

घरातल्या बाईने कळ आल्याचे सांगितले तर "होईल बरे" म्हणू नये. तिला सोबत घेऊन दवाखान्यात जावे. लघवीची तपासणी आणि एक सोनोग्राफी यांतून बहुतेक वेळा उलगडा होतो.