विमान अडखळतंय? आधी मोजून घे

दुकानात जायच्या आधी सिम्युलेटरमध्येच जा. मुंबईवर उतरताना चित्र अडखळतं, म्हणून प्रोसेसर बदलायचा, असं तू म्हणतेस. असेलही त्याचाच दोष. पण दोष ग्राफिक्स कार्डाचा असेल तर नव्या प्रोसेसरवरही विमान तसंच अडखळेल आणि पैसे मात्र गेलेले असतील. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते आधी बघ.

तुझ्याकडचा मायक्रोसॉफ्टचा २०२०चा सिम्युलेटर ते स्वतःच सांगतो. सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू कर आणि वर जी पट्टी येते तिच्यातल्या डीबगमधून एफपीएसची चौकट लाव. ‘लिमिटेड बाय मेन थ्रेड’ दिसलं तर प्रोसेसर कमी पडतोय, ‘जीपीयू’ दिसलं तर कार्ड. पक्की खात्री हवी असेल तर रेंडर स्केलिंग १०० वरून ७० वर आण. चित्र पुसट होऊनही फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या, तर कार्ड निर्दोष आहे.

टास्क मॅनेजरवर मात्र विसंबू नकोस. तो प्रोसेसर ३० टक्के चाललाय असं दाखवील आणि तुला वाटेल, सत्तर टक्के तर मोकळा आहे. तुझ्या रायझन ५ २६०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. त्यातला एकच थ्रेड घाम गाळत असला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. विमानाचं गणित, कॉकपिटमधली यंत्रं, आजूबाजूची रहदारी, कार्डाला पुढे काय काढायचं त्याचे हुकूम, यातलं बरंचसं काम त्या एका मेन थ्रेडवरून जातं. पंगतीत वाढपी डझनभर असले तरी आचारी एकच असेल, तर पंगत त्याच्याच वेगाने उठते. म्हणून ‘जास्त कोअरचा घ्या’ असं कोणी दुकानदार म्हणाला की हसून पुढे जा. आपल्याला हवा आहे एकेक कोअर चपळ असलेला प्रोसेसर, आणि त्याच्या पोटात मोठी कॅश.

मोजताना जागा तीच, वेळ तीच, विमान तेच ठेव. मुंबईचा २७ नंबरचा रनवे, घाटकोपरच्या बाजूने उतरताना, संध्याकाळी ५ वाजता, हवामान ठरावीक, लाइव्ह ट्रॅफिक बंद. हे उड्डाण सेव्ह करून ठेव आणि आकडे वहीत लिही. अरबी समुद्रावर मोजलेले आकडे फार देखणे येतात. त्यांचा उपयोग शून्य.

आता खरेदी. तुझा मदरबोर्ड बी४५० चा, म्हणजे एएम४ सॉकेटचा, ही तुझी मोठी पुण्याई. एएमडीने हे सॉकेट इतकी वर्षं चालवलं की २०१८च्या बोर्डावर २०२२चा, अगदी २०२४चा प्रोसेसरही बसतो. इंटेलवाल्यांची गत वेगळी. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, सॉकेटचं नाव दोन्हीकडे ११५१ असलं तरी. त्यांना आय७-७७०० पर्यंतच जाता येतं, तोही चारच कोअरचा, आणि जुन्या बाजारात त्याचा भाव उगाच चढा सांगतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. चौथ्या पिढीचं मशीन असून कोणी अजून २००६चा एफएसएक्सच उडवत असेल, तर सेकंडहँड आय७-४७९०के घालून तो सुखी होईल. त्या जुन्या सिम्युलेटरला गिगाहर्ट्‌झच लागतात. बाकीच्यांनी तो पैसा नव्या बोर्डासाठी साठवावा.

तुझ्यापुढे वाटा दोनच. एक, रायझन ५ ५६००: ६ कोअर, ३२ एमबी कॅश, ६५ वॉट. दुसरी, ५७००एक्स३डी किंवा त्याचा थोरला भाऊ ५८००एक्स३डी: ८ कोअर, ९६ एमबी कॅश, १०५ वॉट. ५८००एक्स३डी एप्रिल २०२२ मध्ये आला आणि सिम्युलेटरवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. सिम्युलेटरला लागणारी माहिती इकडेतिकडे विखुरलेली असते. दरवेळी ती रॅममधून आणायची म्हणजे प्रोसेसर हातावर हात ठेवून बसतो. ती कॅशमध्येच सापडली की काम लगेच पुढे सरकतं. म्हणून घड्याळाचा वेग थोडा कमी असूनही ५७००एक्स३डी इथे बाजी मारतो.

तरीही माझं मत विचारशील तर आधी सांग, पुढच्या दीड-दोन वर्षांत ग्राफिक्स कार्ड बदलणार आहेस का? तुझं सध्याचं १६६० सुपर आहे. प्रोसेसर सुटला की लगोलग ते कार्ड अडेल. कार्ड बदलायचं नसेल तर ५६०० घे आणि उरलेल्या पैशात रॅम १६ ची ३२ जीबी कर. बदलायचंच असेल तर एक्स३डी घे. मग या बोर्डावर त्याहून पुढे जायची गरज पडणार नाही.

एक्स३डी जुना घेणार असशील तर चालत्या मशीनवर बघून घे. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, तेराशेच्या वर. उजेडात तिरका धरून प्रत्येक ओळ सरळ दिसते का ते बघ. एखादी वाकलेली पिन शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीने हळूच उभी करता येते, पण मोडलेली पिन असेल तर नमस्कार करून निघ. नवा घेतलास तर पक्कं बिल माग, आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घे.

प्रोसेसर घरी आला तरी तो लगेच बसवू नको. जुना आत असतानाच बायोस नवं कर, नाहीतर नवा बसवल्यावर पडदा काळाच राहील. बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत तुझ्या प्रोसेसरसमोर कोणतं बायोस लिहिलंय ते बघ, आणि मधली एखादी आवृत्ती आधी घालायला सांगितली असेल तर ती पायरी गाळू नको. हे काम यूपीएसवर कर. बायोस लिहून होत असताना वीज गेली तर बोर्डच जायचा.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का बघ. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घे, किंवा तेवढ्यापुरता तो थांबव. एएमडीच्या बहुतेक मशीनमध्ये टीपीएम, म्हणजे बिटलॉकरच्या किल्ल्या सांभाळणारा भाग, प्रोसेसरमध्येच असतो, जुन्या प्रोसेसरबरोबर त्यातल्या किल्ल्याही जातात. नवा बसवला की मशीन सुरू होताना एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन, असं विचारतं. रिकव्हरी की हाताशी नसताना वाय दाबलंस तर तुझ्याच डिस्कसमोर तू परकी.

जुना काढताना घाई केलीस तर कूलरला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येईल, पिना वाकतील. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं सिम्युलेटर चालव, पेस्ट गरम होऊन मऊ पडू दे. मग बंद कर, वायर काढ, स्क्रू सैल कर, आणि कूलर आधी डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळ. सुटल्याचं हाताला कळलं की मगच उचल. नवा ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळव. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांब. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

एक्स३डीला २६०० बरोबर आलेला बुटका कूलर लावू नकोस. कॅशचा जादा थर असल्याने तो उष्णता लवकर सोडत नाही, आणि ९० अंशांपुढे जाऊ नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. साधा उभा, एका पंख्याचा टॉवर कूलर चालतो. नागपूरच्या मे महिन्यात राहणाऱ्याने मात्र खोक्यालाही पुढून एक पंखा द्यावा.

सुरू झाल्यावर आधी बायोसमध्ये जा. अपडेटनंतर रॅमचं एक्सएमपी बंद झालेलं असतं आणि ३२०० ची रॅम मुकाट्याने २१३३ वर चालत बसते. ते चालू कर. रॅमच्या दोन पट्ट्या एक सोडून एक, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असू देत.

मग तेच घाटकोपरवरचं उड्डाण पुन्हा कर. फ्रेम वाढलेल्या दिसल्या की तुला लगेच सगळे स्लायडर उजवीकडे सारावेसे वाटतील. टेरेन लेव्हल ऑफ डीटेल, रहदारी, ग्लास कॉकपिटचा रिफ्रेश, हे मेन थ्रेडवर बसतात. ढग आणि अँटी-अलायझिंग कार्डावर. एका वेळी एकच हलव, पुन्हा मोज. ६० च्या मागे लागू नकोस. पडद्यावर स्थिर ३० मिळाल्या, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदाला एक फ्रेम, तर चाकं टेकवतानाचा तोल व्यवस्थित साधतो. ५५ वरून २२ वर आपटणाऱ्या आकड्यांपेक्षा ते कितीतरी बरं. हवं तर ३० वर कुलूप लाव.

जुना २६०० लगेच विकू नकोस. महिनाभर प्लॅस्टिकच्या डबीत, पिना वर करून ठेव. नव्याने काही खोड काढली तर बोर्ड सुरू करून बघायला तोच लागेल, फक्त नव्या बायोसच्या यादीत त्याचं नाव अजून आहे ना ते बघून घे. पुढे विकशील तेव्हा कूलरसकट दे, जरा बरा भाव येतो.