घरातील लहान तपासनीस
(कुटुंबपाठ : आईबाप, आजीआजोबा व गावोगावचे शिक्षक यांच्याकरिता)



सावंतवाडीहून बांद्याकडे जाऊ लागले म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेस इन्सुली हे गाव लागते. तेथील तपासणी नाका दूरदूरच्या वाहनचालकांस ठाऊक आहे. मालमोटार तेथे थांबते. आत काय आहे, कोठून आणले, कोठे चालविले, हे सांगितल्यावाचून तिची सुटका होत नाही. परंतु त्या गावात आणखी एका प्रकारचे नाके आहेत, आणि ते घरोघरी आहेत. ज्या घरी दीड-दोन वर्षांचे मूल आहे, त्या घरातील सूप, रोवळी, तांब्या, वहाण, फार काय, भिंतीवरून चाललेली मुंगीदेखील तपासणीवाचून पुढे जात नाही. हा तपासनीस पगार घेत नाही, रजा मागत नाही, आणि दुपारी त्याचा डोळा लागला तरच काय ती घरच्यांस उसंत मिळते.

आजच्या पाठात आपण या लहान तपासनीसाचा विचार करू. त्याची ही चौकशी म्हणजे खोडी की अभ्यास? आणि तिला आपण जे उत्तर देतो, त्यापासून पुढे काय निपजते?

एका सकाळचा वृत्तांत

वैशाखातील एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. खळे नुकतेच सारविलेले आहे. एका बाजूस कोकमाची सोले उन्हात पसरली आहेत, दुसऱ्या बाजूस काजूबियांची रास आहे. बाप कामासाठी पहाटेच गोव्याकडे गेला. आई पाणी भरीत आहे. आजी पडवीत बसून पेज निववीत आहे, आणि तिच्याजवळ पावणेदोन वर्षांची नात आहे.

नात पेजेचा चमचा उचलते व खाली टाकते. खण्‌ असा आवाज होतो. आजी चमचा उचलून देते. नात तो पुन्हा टाकते. चार वेळा, सहा वेळा, दहा वेळा हेच चालते. मग तिला मुंगी दिसते. ती बोट करून विचारते, “ह्यां काय?” आजी म्हणते, “ती मुंगी, बाये. आपल्या घराक जाता. हात लाव नको, चावतली.” नात उकिडवी बसून मुंगीच्या मागोमाग उंबरठ्यापर्यंत सरकत जाते. तेथे तिला नारळाची करवंटी सापडते. तिच्याखाली ती एक खडा झाकते, करवंटी उचलून पाहते, आणि खडा तेथेच आहे असे पाहून इतकी हसते की, आजीसही हसू आवरत नाही. एवढ्यात अंगणातून कुत्रा पळतो. नात टाळ्या पिटून म्हणते, “भुभू गेलो!”

पेज निवून थंडगार झाली. पोटात दोनच घास गेले. आई घागर उतरवून विचारते, “इतका वेळ काय केले?” आजीपाशी दाखविण्याजोगे काहीच नाही. तरी त्या अर्ध्या तासात पुष्कळ काम झाले.

त्या अर्ध्या तासात काय शिकणे झाले

पहिली गोष्ट चमच्याची. सोडलेली वस्तू खालीच जाते, वर जात नाही; धातू वाजतो, सोलाचा तुकडा वाजत नाही; आणि मी टाकले तर आजी उचलून देते. हे तीन धडे त्या एका चमच्यात होते. मोठ्या माणसास एकदा पाहून पुरते, परंतु मुलाला हा नियम आजही आहे काय, उद्याही राहील काय, याची खात्री करून घ्यावयाची असते. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा टाकते. त्यात हट्ट थोडा व प्रयोग फार.

दुसरी गोष्ट करवंटीची. तान्ह्या मुलापुढे वस्तू झाकली तर ती नाहीशीच झाली असे समजून ते दुसरीकडे पाहते. साधारण आठ-नऊ महिन्यांचे झाले म्हणजे ते झाकलेली वस्तू शोधू लागते. दिसत नाही तरी आहे, हे ज्ञान लहान नव्हे. आई दृष्टीआड झाली तरी ती कोठेतरी आहे व परत येईल, असा धीर मुलाला येण्यास हेच ज्ञान कारण होते.

तिसरी गोष्ट बोलण्याची. वर्षाच्या सुमारास बहुतेक मुले पहिला अर्थपूर्ण शब्द बोलतात, आणि दोन वर्षांची होईपर्यंत दोन शब्द जोडू लागतात. “भुभू गेलो” हे पुरे वाक्य आहे. त्यात कर्ताही आहे व क्रियाही आहे. व्याकरण कोणी शिकविले? कोणी नाही. आजी बोलत गेली व मूल ऐकत गेले. जन्मापासूनच्या पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ जितक्या झपाट्याने होते तितकी पुढे होत नाही. आणि मूल बोट दाखविते व मोठे माणूस उत्तर देते, या देवघेवीनेच तिला खतपाणी मिळते.

कित्येक आईबापांस असे वाटते की, घरची मालवणी बोली शाळेत उपयोगी नाही, म्हणून मुलाशी पुस्तकी भाषेतच बोलावे. ही भीती व्यर्थ आहे. ज्या भाषेत आजीला मुंगीचे घर सांगता येते, तीच भाषा मुलाच्या पहिल्या विचाराला योग्य होय. तो पाया भक्कम झाला म्हणजे त्यावर शाळेची मराठी चांगली उभी राहते.

उत्तर देण्याच्या दोन रीती

आता दुसरे घर पाहा. तेथेही मूल “ह्यां काय?” असे विचारते. परंतु उत्तर येते, “गप बस!” पुन्हा विचारले तर, “बागुलबुवा येऊन नेईल!” तिसऱ्या खेपेस त्याच्या हातात मोबाइल दिला जातो, आणि घर शांत होते. ही शांतता स्वस्त वाटते, पण पुढे ती महाग पडते. जे मूल बोट दाखवीत होते ते हळूहळू बोट दाखविणे सोडते. मग ते शाळेत जाते, आणि गुरुजी म्हणतात, “हे काही विचारतच नाही.” विचारण्याचा दरवाजा आपणच उंबरठ्यावर बंद केला, हे तोपर्यंत आपण विसरलेले असतो.

मोबाइलविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात एक वर्षाच्या मुलास पडद्यापुढे मुळीच बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक बसवू नये, कमी तितके बरे, असे सांगितले आहे. यात यंत्राचा द्वेष नाही. पडद्यावरची मुंगी कितीही सुंदर असली तरी ती “हात लाव नको, चावतली” असे म्हणत नाही, आणि मुलाच्या हसण्याला हसून उत्तर देत नाही.

खोट्या भीतीऐवजी खरे कारण सांगावे. “बागुलबुवा येईल” असे न म्हणता “चूल तापली आहे, भाजेल” असे म्हणावे, आणि दुरून हात धरून तिची धग जाणवू द्यावी. असे केल्याने मुलाला चुलीची ओळख होते व आपल्या शब्दावर त्याचा विश्वास बसतो. बागुलबुवा एके दिवशी खोटा ठरतो. मग आपले खरे बोलणेही त्याच्याबरोबर खोटे ठरते.

मोकळीक द्यावी, परंतु घर राखावे

कोणी म्हणेल, “मुलाला सर्व हाताळू दिले तर त्याचा जीव कसा वाचेल?” हा प्रश्न रास्त आहे. जे मुलाच्या हाती पडू नये, ते त्याच्या वाटेतून आधीच दूर करावे. म्हणजे दिवसभर “नको, नको” म्हणावे लागणार नाही. आपल्या कोकणी घरांत पुढील गोष्टींस विशेष जपावे.

विहिरीस कठडा व वर झाकण असावे. न्हाणीतील बादली व घंगाळ काम होताच रिकामे करावे. कारण वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, आणि बहुधा ओरडतही नाही. विळी व कोयता उंच जागी ठेवावा. रॉकेल व शेतीचे औषध पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. भुईमुगाचे दाणे, चणे, चिंचोके व नाणी घशात अडकतात, म्हणून ती मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. घड्याळात व खेळण्यांत घालतात त्या चपट्या गोल बॅटऱ्या गिळल्या गेल्यास आतून जाळतात. तसे झाल्याची शंका आली तरी तत्काळ दवाखाना गाठावा. काजूबीच्या सालीतील तेलाने त्वचा भाजते, हे आपण सर्व जाणतो. म्हणून काजूबियांची रास खळ्यात मोकळी न ठेवता पोत्यात बांधून ठेवावी.

इतके केले म्हणजे उरलेले घर मुलाला मोकळे सोडावे. सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत लाकडी आंबे, केळी व वांगी प्रसिद्ध आहेत, आणि ती घेण्याची ऐपत असेल तर आनंदाने घ्यावीत. नसेल तरी उणे मानू नये. करवंटी, झाकणासह डबा, रिकामे सूप व माडाच्या पातीची पिपाणी ही खेळणी माडाच्या सावलीतल्या घरी फुकट मिळतात, आणि मूल बहुधा विकतच्या खेळण्यापेक्षा डब्याच्या झाकणावरच अधिक लुब्ध होते.

एका बाईने हे कसे साधले

आम्ही शेतकरी, मोलमजुरी करणारे. आम्हांस हे शिक्षण कसे परवडेल, असा प्रश्न वाचकांपैकी कित्येकांच्या मनात आला असेल. हाच प्रश्न ताराबाई मोडक यांच्यापुढे उभा राहिला होता. त्यांचा जन्म १८९२ सालचा. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगर येथे त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला. मूल स्वतः हाताळून शिकते, हे मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडून दाखविले होते. परंतु त्या पद्धतीची साधने महाग, आणि आपली खेडी गरीब.

१९४५ साली ताराबाईंनी सध्याच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. विकतच्या साधनांऐवजी त्यांनी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया असे गावचेच साहित्य मुलांच्या हाती दिले. तरीही अगदी गरीब वस्तीतील मुले येईनात. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांस दोष देण्याऐवजी या बायांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ साली त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊन शिकवू लागले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांस आज आपण अंगणवाडी म्हणतो, आणि ती गावोगावी आहेत.

या वृत्तांताचा आपल्याकरिता बोध असा की, लहान मुलाच्या शाळेला इमारत लागत नाही. सारविलेले खळे, चार करवंट्या, आणि उत्तर देणारे एक माणूस, एवढे असले म्हणजे शाळा भरली.

वेळ कोठून आणावा?

लावणीच्या दिवसांत चिखलातून आलेल्या आईने मुलाशी खेळत बसावे, असे सांगणे निष्ठुरपणाचे होईल. वेगळा वेळ काढावाच असे नाही. जे काम चालले आहे त्यातच मुलाला सामील करावे. अंघोळ घालताना नाक, कान, कोपर यांची नावे घ्यावी. तांदूळ निवडताना त्याच्यापुढे ताटलीत मूठभर तांदूळ द्यावे. वाळलेले कपडे घडी करताना “हा बाबाचा, हा बायचा” असे म्हणावे. बापानेही, संध्याकाळी घरी आल्यावर, मुलाचे बोट धरून गोठ्यापर्यंत एक फेरी मारावी; चालण्याची घाई करू नये, कारण मुलाची वाट पावलागणिक थांबणारी असते. आणि एखादे दिवशी थकव्याने आपण रागावलो, तर स्वतःस फार दोष देत बसू नये. मूल रागावणे विसरते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बोट पुढे करते. ते बोट तेव्हा रिकामे परत जाऊ नये, एवढेच पाहावे.

प्रियजनहो, हा नाका आपल्या घरी फार दिवस राहत नाही. दोन-तीन पावसाळे जातात, मूल दप्तर घेऊन बाहेर पडते, आणि चमचा टाकण्याचा आवाज बंद होतो. मग पडवीत बसलेल्या आजीला पेज वेळेवर निवते व वेळेवर संपते. परंतु मुंगी कोठे चालली, हे विचारणारे कोणी नसते. म्हणून आज जो विचारतो त्याला आज उत्तर द्या. त्याचे ज्ञान वाढेल हे खरेच. परंतु जी गोष्ट आपण पन्नास वर्षे पाहून न पाहिल्यासारखी केली, ती त्याच्या बोटाच्या टोकाशी पुन्हा नवी दिसेल, हा आपला लाभही काही थोडा नव्हे.

या आठवड्यात करावयाचे

१. घरातील मुलाच्या उंचीस वाकून एकदा सर्व घर पाहावे, आणि धोक्याच्या वस्तू उंच ठेवाव्या.
२. एक पूर्ण दिवस बागुलबुवाचे नाव न घेता खरे कारण सांगून पाहावे.
३. मूल ज्याकडे बोट दाखवील त्याचे नाव सांगावे, आणि त्याविषयी एक वाक्य अधिक बोलावे.

चर्चेकरिता प्रश्न

१. मूल एकच वस्तू पुन्हा पुन्हा का टाकते?
२. झाकलेली वस्तू शोधण्यास मूल केव्हा लागते, आणि त्यापासून त्याला कोणता धीर येतो?
३. खोटी भीती घालण्याने कोणते नुकसान होते?
४. ताराबाई मोडक यांनी महाग साधनांऐवजी काय वापरले? आपल्या गावात तसे कोणते साहित्य मिळते?
५. आपल्या घरी मुलाच्या प्रश्नांस बहुतेक वेळ कोण उत्तर देते? त्या माणसाचे काम हलके करण्यास इतरांनी काय करावे?