पाठ नंतर बघ, आधी फळी ऐक

बेटा, तू दोन गिटारींचे फोटो पाठवलेस आणि विचारलंस, "मामा, लाकडी पाठीची घेऊ की फायबरच्या पाठीची?" फोटोवरून आवाज सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समध्ये माझी नोकरीची वर्षं गेली आणि संध्याकाळी कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात गिटार धरून बसण्यात. दोन्हीकडे काम कानाचंच. बेअरिंगवर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ओळखायचं, हे आमच्या फोरमननं शिकवलं. गिटारलाही तोच कान लावायचा. खाली लिहिलंय ते याच क्रमानं तपास. दुकानदार बहुतेक पाठीपासून सुरुवात करेल, तू पुढून कर.

१. पहिला मान पुढच्या फळीचा

नुसती तार ताणून छेडली तर आवाज शेजारच्यालाही जेमतेम जाईल. तारेची थरथर ब्रिजमधून पुढच्या फळीत उतरते आणि फळी हवा हलवते. गिटारचा बहुतांश आवाज तिथे घडतो. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिरानं १८६२ मध्ये हे सिद्ध करायला एक गिटार बनवली. पुढची फळी उत्तम लाकडाची आणि पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

आपल्या मिरजेचा तानपुराच घे. पाठीला भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, आणि त्यावर लाकडाची तबली, म्हणजे त्याची पुढची फळी. पाठ लाकडाची नाही म्हणून त्या तानपुऱ्याला कुणी कमी लेखलं नाही. तिथला कारागीर भोपळा निवडतो तो आकार बघून, आणि मग तबलीवर हात चालवतो. गिटार बघतानाही हाच क्रम धर: आधी फळी, मग आतल्या हवेची जागा, आणि पाठ कशाची आहे हे तिसरं.

फळी अखंड लाकडाची हवी, स्प्रूसची किंवा सीडरची. तारा तळव्यानं दाबून धर आणि बोटाच्या पेरानं ब्रिजवर हलकेच ठोक. चांगली फळी ठोक्यानंतर क्षणभर बोलत राहते. जाड, मेलेली फळी 'ठक्' करून गप्प होते.

२. प्लाय नाही ना, ते बघ

दहा हजारांच्या आतली 'पूर्ण लाकडी' म्हणून दाखवलेली गिटार बहुतेक वेळा प्लायची असते. प्लायसुद्धा लाकूडच, त्यामुळे दुकानदार खोटं बोलला असं म्हणता येत नाही. तपासायचं आपण. साउंड होलची कड नखानं चाचप आणि मोबाइलच्या उजेडात नीट बघ. लाकडाच्या रेषा वरून खाली जाडीत सरळ उतरल्या असतील तर फळी अखंड. एकावर एक थर दिसले तर प्लाय. पाठीचं असंच: बाहेरची एखादी गाठ किंवा रेषा हेरून ठेव आणि भोकातून आत बघ. तीच खूण आत त्याच जागी दिसायला हवी. आत वेगळंच लाकूड दिसलं तर वर फक्त देखणा विनियर चिकटवलेला आहे.

तेव्हा तुझी तुलना 'लाकूड की फायबर' एवढी सोपी नाही. अखंड फळी आणि फायबरची पाठ ही जोडी सगळ्या अंगानं प्लायच्या असलेल्या 'लाकडी' गिटारला सहज मागे टाकते. दुकानात निम्मे वाद इथेच मिटतात.

३. फायबरची पाठ आली कुठून

ही पाठ स्वस्तातला माल खपवायला निघाली, असं समजू नकोस. अमेरिकेतला चार्ल्स कामन हेलिकॉप्टर बनवणारा इंजिनिअर. १९४५ मध्ये त्यानं स्वतःची विमान कंपनी काढली, आणि तो गिटारही वाजवायचा. हेलिकॉप्टरमध्ये सगळी लढाई कंपनांशी असते. कुठली कंपनं मारायची आणि कुठली जाऊ द्यायची, हे त्याच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. काचतंतू आणि रेझिनची वाडग्यासारखी गोल पाठ करून, त्यावर लाकडी फळी बसवून त्यांनी १९६६ च्या सुमारास 'ओव्हेशन' गिटार बाजारात आणली. पाठीच्या मालाला नाव दिलं 'लिराकॉर्ड'. ग्लेन कॅम्पबेल या गायकानं ती टीव्हीवर वाजवली आणि ती घरोघरी पोचली.

काचतंतू आणि रेझिन म्हणजे काय ते आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना कुणी समजवायला नको. इन्सुलेशनला आम्ही तीच जात वापरायचो: कडक, ओलाव्याला दाद न देणारी, वर्षानुवर्षं मापात राहणारी. गिटारच्या पाठीला तेच गुण कामी आले.

याशिवाय सपाट सिंथेटिक पाठही असते. तो कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेला पत्रा, म्हणजे आपल्या ओट्याच्या कपाटावरच्या सनमायकाचाच भाऊबंद. १८३३ पासून गिटारी करणाऱ्या मार्टिन कंपनीच्या स्वस्त मालिकेतही अशा पाठी असतात.

४. कुठली पाठ काय करते

लाकडाची पातळ, अखंड पाठ स्वतः थोडी थरथरते. फळीकडून थोडी ताकद घेते आणि आपला रंग मिसळून परत देते. म्हणून अशा गिटारचा सूर छेडल्यावर किंचित फुलतो. शिसवीची पाठ जास्त वेळ घुमते, महोगनीची लवकर आवरतं घेते, असं मानतात. आपल्याकडच्या शिसवीला जगात मान आहे. मार्टिननं १९६९ च्या सुमारास ब्राझीलची शिसव सोडली आणि भारतातली धरली.

फायबरचा वाडगा कडक. तो फारसा थरथरत नाही, आवाज पुढे परतवतो. म्हणून सूर स्वच्छ येतात, सहाही तारा एकमेकींच्या तोडीस तोड वाजतात आणि वरच्या पट्टीतले सूर ठळक ऐकू येतात. पण छेडल्यानंतरचा तो फुलोरा कमी. काहींना हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटतो. सनमायकाच्या जातीची सपाट पाठ या दोघींच्या मधली, जरा कोरडी.

खर्जाचं गणित वेगळं. तिथे पाठ कशाची यापेक्षा ती किती खोल, हे जास्त मोजतं. पेटीतली हवा भोकातून आतबाहेर होते, आणि तिचा स्वतःचा एक सूर असतो. मोठ्या ड्रेडनॉट गिटारमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास पडतो. हा सूर तू लहानपणापासून ऐकत आलीस. आपल्या स्विचयार्डजवळून जाताना ट्रान्सफॉर्मर हुंकारतात ना, तो हुंकार १०० हर्ट्झचाच. वीज ५० हर्ट्झची, पण प्रत्येक आवर्तनात गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून दुप्पट. आणि सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सूर निघतो ९८ हर्ट्झचा, म्हणजे जवळपास तोच.

तपासणी सोपी आहे. सहाव्या तारेवर मोकळ्या सुरापासून सहाव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्या जोरानं वाजव. कुठेतरी एक सूर अचानक भरून येईल. ती हवेची जागा. खोल पेटीत ती तिसऱ्या फ्रेटच्या आसपास सापडेल. उथळ वाडग्यात हवा कमी, म्हणून ती वर सरकते आणि खालचा खर्ज बारीक होतो. गोल पाठीच्या गिटारी खोल आणि उथळ अशा दोन्ही मिळतात. उथळ मॉडेल ऐकून 'फायबरला खर्ज नाही' असा शिक्का मारू नकोस.

५. डोळ्यांना बाहेर ठेव

डोळे लाकडाचे फार लाड करतात. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजू सहा निरनिराळ्या लाकडांच्या, महागड्या ब्राझिलियन शिसवीपासून स्वस्त सापेलीपर्यंत. ५२ वादकांना मंद उजेडात वेल्डिंगचे चष्मे घालून त्या वाजवायला दिल्या. वादकांनी सहाही गिटारींच्या आवाजाला जवळपास सारखेच गुण दिले, आणि न बघता कुठली कुठली हे ओळखणं त्यांना जड गेलं. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात फायबरची पाठ नव्हती, म्हणून त्यातून लाकूड आणि फायबर एकच, असा अर्थ काढू नकोस. पाठीच्या लाकडाच्या नावावर मात्र किती पैसे मोजायचे, ते त्यावरून ठरव.

दुकानात मैत्रिणीला घेऊन जा. दोन्ही गिटारींना एकाच जाडीच्या, सारख्याच नव्या तारा हव्यात. जुन्या तारांची शिसव नव्या तारांच्या फायबरपुढे हरेल, आणि तो दोष शिसवीचा नसेल. दोन्ही ट्यूनरवर ४४० ला लाव. एकच पिक, एकच गाणं. दोन-तीन मीटरवर पाठमोरी उभी राहा आणि मैत्रिणीला न सांगता गिटार बदलून वाजवू दे. मग जागा बदला. वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला गिटार वेगवेगळी ऐकू येते, म्हणून दोन्हीकडून ऐकायचं. फोनवर रेकॉर्ड करायचं तर फोन भोकासमोर धरू नकोस, तिथे नुसता घुमारा भरतो.

आणखी एक. कॉर्ड वाजवताना गिटारची पाठ पोटाला टेकव, मग बोटभर दूर धर. लाकडी पाठ मोकळी होताच आवाज उघडला, तर ती पाठ खरंच काम करते आहे. दोन्ही वेळा आवाज तसाच राहिला, तर पाठ जाड आहे आणि तिच्यासाठी जादा पैसे देऊ नकोस. गोल वाडग्यात हा फरक पडणारच नाही.

६. जॅक लावला की हिशेब बदलतो

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवणार असशील तर हे लक्षात ठेव. सॅडलखालचा पिझो पिकअप तारेची थरथर तिथल्या तिथे उचलतो. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजात पाठीचा वाटा नाममात्र उरतो. उलट मोठ्या आवाजात मोकळी लाकडी पेटी लवकर शिट्टी मारते, कडक वाडगा जरा उशिरा. गणपतीच्या मांडवात माझ्या मांडीवर फायबरची पाठ असायची ती त्यामुळेच. घरी अंगणात वाजवायला लाकडी.

७. आपलं ऊन विसरू नकोस

भुसावळचा मे म्हणजे पारा ४५ च्या वर आणि हवा पापडासारखी कोरडी. जुलै-ऑगस्टात तीच हवा ओली. अखंड लाकूड उन्हाळ्यात आकसतं: फळी बसते, तारा फ्रेटला लागून खरखरतात, फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. पावसाळ्यात फुगतं, तारा उंचावतात आणि बोटं दुखतात. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घे आणि केसमध्ये ठेव. उन्हाळ्यात साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालून तोही केसमध्ये ठेव. कूलरच्या झोतात गिटार कधी टांगू नकोस. कूलर चालू असताना हवा दमट आणि बंद केल्यावर कोरडी, या रोजच्या हेलकाव्यात जोड उकलतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर मुळीच नाही. तिथे सरस मऊ पडतो आणि ब्रिज उचलला जातो.

फायबरची पाठ असली म्हणून या जपणुकीतून सुटका नाही. पाठ हलत नाही, पण पुढची फळी लाकडाचीच आहे, ती आकसते. दोघी सारख्या हलत नाहीत म्हणून सगळा ताण फळीवर येतो, आणि हयगय केली तर तडा तिथेच जातो. हवामानाची काळजी सोडायची असेल तर फळीसकट सगळी कार्बन फायबरची गिटार लागते. तिचा आवाज लांबतो, पण लाकडाची ऊब तिच्यात शोधू नकोस, आणि किंमत बघून बस.

आपल्याकडे वीज केंद्राची राखही आहे. वारा वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्याकडून आला की बारीक कण ट्यूनिंगच्या चाव्यांत बसतात. वाजवून झालं की गिटार केसमध्ये. पुसायला सुकं मऊ कापड, ओलं नको.

८. शेवटी हात

भरताचं वांगं आपण हातात तोलून हलकं ते घेतो, गिटारही तशीच तोलून बघ. फळी आणि पाठ विनाकारण जाड ठेवलेली गिटार जड लागते आणि बोलतही कमी. मग बसून वाजव. गोल पाठ मांडीवरून घसरते, ती घ्यायची तर बसूनही पट्टा लागतो, आणि तो पट्टा पहिल्या दिवसापासून लाव.

आता तुझं. तू महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला होस्टेलवर जाणार, गिटार बर्थखाली आणि कॉटखाली राहणार, गॅदरिंगला जॅक लागणार. तुझ्या दोन फोटोंतल्या लाकडी गिटारची पाठ प्लायची निघाली, तर विचार न करता अखंड फळीची, खोल वाडग्याची फायबर घे. दोन्ही अंगांनी अखंड लाकूड निघालं आणि ते बजेटमध्ये बसलं, तर पाठमोरी उभी राहून ऐक आणि जी पुन्हा ऐकावीशी वाटेल ती घे. मात्र त्या लाकडाला दर उन्हाळ्यात ओला स्पंज आणि दर पावसाळ्यात कोरडी केस देणार असशील तरच. फायबर घेतलीस तरी स्पंज आणि पट्टा याच खरेदीत घे, दुकान पुन्हा गाठायचा कंटाळा येतो.

— मामा