स्वादुपिंडाचा कर्करोग : शस्त्रक्रियेआधीचे उपचार

२ जानेवारी १९५० रोजी कोलकात्यातील चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन इरेन जोलियो-क्यूरी यांच्या हस्ते झाले. कृत्रिम किरणोत्सर्गाच्या शोधासाठी १९३५ चे नोबेल पारितोषिक त्यांना पतीसह मिळाले होते. आज केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत असलेल्या या संस्थेचे दुसरे संकुल जानेवारी २०२२ मध्ये राजारहाट येथे सुरू झाले. टाटा मेडिकल सेंटर तेथे २०११ पासून आहेच. पूर्व भारतातील रुग्णांची भिस्त अशा केंद्रांवर आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले असते. त्यामुळे कावीळ अथवा पाठदुखी जाणवेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो. निदानाच्या वेळी पाचांपैकी जेमतेम एका रुग्णाची गाठ काढण्याजोगी असते. काही गाठी मोठ्या रक्तवाहिन्यांना टेकलेल्या असतात. त्या घाईने कापल्यास कर्कपेशी मागे उरण्याचा धोका संभवतो. शिवाय या अवघड शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्ण इतके अशक्त होतात की, पुढील रसायनोपचार त्यांना झेपतच नाहीत. म्हणूनच हा क्रम उलटा करण्याचा विचार पुढे आला.

नेदरलँड्समधील ‘प्रीओपँक’ चाचणीत २४६ रुग्ण होते. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी जेमसिटाबिन हे औषध व ३६ ग्रे किरणमात्रा १५ भागांत देण्यात आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मध्यांक आयुर्मान १४.३ वरून १५.७ महिन्यांवर गेले, म्हणजे लाभ नगण्य. मात्र पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ६.५ टक्क्यांवरून २०.५ टक्के झाले. परीक्षार्थींनी हा भेद नीट पाहावा. मध्यांक केवळ निम्मे रुग्ण केव्हा दगावले एवढेच सांगतो. दीर्घकाळ जगणाऱ्यांची संख्या त्यातून कळत नाही.

तरीही किरणोपचारांची बाजू निर्विवाद नाही. अमेरिकेतील ‘अलायन्स’ गटाच्या, २०२२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ बहुऔषधी रसायनोपचार घेणाऱ्यांपैकी ६६.७ टक्के रुग्ण १८ महिन्यांनंतर हयात होते. किरणोपचारांची जोड दिलेल्या गटात हे प्रमाण ४७.३ टक्के भरले. त्यामुळे सीमारेषेवरील गाठींसाठी आधी रसायनोपचार आणि किरणोपचार निवडक रुग्णांनाच, असा कल आज दिसतो.

उपचारांआधी सुईने तुकडा काढून निदान पक्के करावे लागते, कावीळ असल्यास पित्तनलिकेत नळी बसवावी लागते. मालदा वा पुरुलियाहून आलेल्या कुटुंबासाठी याचा अर्थ कोलकात्यात अनेक आठवड्यांचे भाडे आणि बुडालेली मजुरी असा होतो.